चांदणखळीचे उलटे थर

सरांचं नि माझं भांडण रविवारी सकाळी सुरू व्हायचं, आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, तव्यावर पहिलं घावन टाकलं की तात्पुरतं थांबायचं. विषय एकच. मिरजोळ्याच्या पलीकडे एका गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, आहे, त्या सड्याच्या कडेला एक गोल खळगा आहे. शाळेचं मैदान मावेल एवढा, भोवती उचललेला बांध, पावसाळ्यात आत पाणी आणि एरवी गवत. हा खळगा ज्वालामुखीने केला की आकाशातून पडलेल्या उल्केने, यावर आम्ही वर्षानुवर्षं तावातावाने बोलत होतो. माझा नवरा म्हणायचा, तुम्ही दोघं त्या खड्ड्यासाठी जेवढं भांडता तेवढं लोक जमिनीच्या हद्दीवरून भांडत नाहीत. रत्नागिरीत राहून हे म्हणणं म्हणजे फारच झालं.

सरांनी मला शाळेत भूगोल शिकवला. पुस्तक मिटून वर्गाला बाहेर काढणारे ते पहिलेच. रस्त्यासाठी डोंगर कापला होता तिथे आम्हाला ओळीने उभं केलं आणि म्हणाले, "वरून खाली वाचा." वर तांबडा, भोकाभोकांचा जांभा, ज्याच्या चिऱ्यांची आमची सगळ्यांची घरं. त्याखाली पिवळट-पांढरी चिकण माती. आणि तळाला काळवत्री, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड. काळवत्री सगळ्यात जुनी. तिचाच वरचा भाग ऊनपावसाने कुजत कुजत आधी माती झाला आणि मग जांभा. आम्ही मुली एकमेकींना कोपरखळ्या मारत होतो, पण मी वाचत होते. घरी येऊन आमच्या विहिरीत वाकून बघितलं तर तिथेही तेच तीन रंग होते. मी विहिरीत डोकावले म्हणून आईने पाठीत धपाटा घातला.

पुढे मी भूशास्त्र घेऊन पदवी केली, त्यापुढचं राहिलं, लग्न झालं, आणि मी रत्नागिरीतच एका शाळेत भूगोलाची बाई झाले. भूगोलाची बाई म्हणजे काय, तर कुणाचाही तास मोकळा पडला की जिला पाठवतात ती. पीएच.डी. करायची, दगड वाचणारी म्हणून चार जाणत्या माणसांत आपलं नाव घेतलं जावं, ही इच्छा माझ्या मनातून कधी गेली नाही. ती फक्त सरांना ठाऊक होती. घरी बोलले असते तर "आता या वयात?" हे ऐकावं लागलं असतं, आणि त्या वाक्याचा मला इतका संताप येतो की मी ती वेळच येऊ दिली नाही.

खळगा मला सरांनीच दाखवला. ते नुकतेच निवृत्त झाले होते, मुलगा मुंबईला, घरात ते आणि काकू. सड्यावरचं गवत वाळून पिवळं झालं होतं. बांधावर उभं राहून सर म्हणाले, "गावात याला चांदणखळी म्हणतात. पूर्वी कधीतरी इथे चांदणी पडली, असं म्हातारी माणसं सांगतात." माझ्या अंगावर काटा आला. गावांची, जागांची नावं म्हणजे लोकांची आठवण, असं मी वर्गात शिकवत आले होते. खाडी गाळाने भरून गेली तरी बंदराचं नाव मागे राहतं, तसंच हे.

खाली गावात उतरल्यावर एका अंगणात भात वाळवत बसलेल्या बाईंना मी विचारलं, "वरच्या खळग्याला चांदणखळी म्हणतात ना?" त्यांनी सरांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "म्हनत आसतील." पुढच्या घरी विचारलं. तिथे उत्तर आलं, "सर बोलतात तर आसंल." मी ते दोन्ही होकार धरले. आमच्याकडे कुणी "असेल" म्हणालं की त्याचा अर्थ "नाही, पण तुमच्याशी कोण डोकं लावील" असा असतो. हे पुण्याच्या माणसाला कळलं नाही तर समजू शकते, मी तर इथेच वाढलेली. पण शेजारी सर उभे होते, आणि सर शेजारी असताना मी कुणावर कसला संशय घेतल्याचं मला आठवत नाही.

सर उल्का म्हणाले म्हणून मी ज्वालामुखी म्हणाले. सुरुवात खरं तर एवढ्यावरच झाली. मान डोलावणारी विद्यार्थिनी त्यांना आवडायची नाही, आणि मला मान डोलवायला जमायचं नाही. माझं म्हणणं असं, की अख्खा महाराष्ट्र लाव्ह्याच्या थरांवर उभा आहे, मग एखादं तोंड इथे असायला काय हरकत? सर म्हणायचे, "लाव्हा आधी विझला. जांभा त्यानंतर कितीतरी काळाने झाला. मग ज्वालामुखीचा खड्डा जांभ्यात कसा?" मी म्हणायचे, खाली जुनी पोकळी असेल, ती खचली आणि वरचा जांभा आत बसला. "मग थर आतल्या बाजूला झुकलेले दाखव." ते मला दाखवता यायचे नाहीत, कारण बांध सगळा करवंदीच्या जाळ्यांनी झाकलेला होता. मग मी चिडायचे, सर हसायचे, आणि काकू घावन नि नारळाची चटणी आणून ठेवायच्या.

एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं लोणार बघून आलो. त्या सरोवरालाही आधी शहाणीसुरती माणसं ज्वालामुखीचं तोंडच म्हणायची. काळ्या दगडाचा मुलूख, गोल खड्डा, दुसरं काय असणार. मग कुणी कडेचे थर बघितले, ते बाहेर वळून उलटे पडलेले होते. तळातून चिरडलेला, काचेसारखा झालेला दगड निघाला आणि वाद संपला. तिथे काठावर उभं राहून सरांनी मला पुन्हा एकदा शिकवलं. "ज्वालामुखी आतलं बाहेर ओततो. जुनं खाली, नवं वर, उतार बाहेरच्या अंगाला. उल्का आत घुसते आणि कड बाहेर उलटवते, त्यामुळे तळातलं वर येतं. घावन उलटताना कड दुमडते ना, तसं."

"माझ्या घावनाची कड दुमडत नाही," काकू म्हणाल्या, आणि आम्ही सगळेच हसलो.

त्यानंतर काही वर्षांनी मोबाइलच्या टॉवरसाठी सड्यावर रस्ता काढला, आणि जेसीबीने खळग्याचा बांध एका जागी उभा कापला. मला कळलं तेव्हा शाळा सुटायची होती. सुटल्यासुटल्या स्कूटर काढली आणि थेट सडा गाठला. कापलेल्या बांधासमोर उभी राहिले आणि वरून खाली वाचलं. वर काळवत्रीचे धोंडे. त्याखाली चिकण माती. आणि तळाला, सड्याच्या मूळ जांभ्यावर, जांभ्याच्याच ढेकळांचा थर, पण सुटा नाही, एकमेकांना असा धरलेला की नखाने खरवडलं तर नख तुटेल. जे तळाला असायला हवं ते वर होतं. मी बांधाच्या दुसऱ्या बाजूला गेले, तिथेही तोच क्रम. त्या संध्याकाळी मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. माझी इतक्या वर्षांची बाजू खोटी ठरली होती आणि मी सड्यावर एकटीच हसत होते.

तशीच धुळीच्या कपड्यांनी सरांच्या घरी गेले. दारातूनच म्हणाले, "सर, तुम्ही जिंकलात. थर उलटे आहेत."

सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "नीट बघितलंस?"

"हात लावून बघितलंय."

ते चष्मा पुसतच राहिले. काकू दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. मग सर म्हणाले, "चांगलं झालं. लिही आता." मला वाटलं, इतक्या वर्षांनी वाद संपला म्हणून त्यांना भरून आलंय. भरून आलेला माणूस आणि पकडला गेलेला माणूस यांचे चेहरे इतके सारखे दिसतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी लिहिलं. सुट्टीभर लिहीत होते. आकृत्या काढल्या, फोटो काढले, दगडांचे तुकडे स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडले, नवऱ्याने त्यांतल्या एकावर खोबरं फोडलं म्हणून त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. सरांनी लेख वाचला. ऱ्हस्वदीर्घ सुधारले, एक लांब वाक्य तोडून दोन केली. चांदणखळीच्या नावावर मी एक पूर्ण परिच्छेद लिहिला होता, लोकांनी पाहिलेल्या उल्केची आठवण म्हणून. त्याच्या बाजूला त्यांनी काहीही लिहिलं नाही.

पुण्याच्या एका प्राध्यापकांना मी तो लेख पाठवला. ते या विषयातले मोठे. त्यांचं उत्तर आलं की ते रत्नागिरीला व्याख्यानाला येतच आहेत, त्याच सभेत मी हे मांडावं. थरांचा हा पुरावा टिकला तर मला संशोधनासाठी आपल्या हाताखाली घ्यायला त्यांना आवडेल. हे वाचून मी घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. या वयात की त्या वयात, ते कुणी विचारलं तर तोंडावर फेकायला आता माझ्याकडे उत्तर होतं.

सभेला हॉल भरला होता. माझ्या शाळेतल्या बायकाही आल्या होत्या, नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि सर पहिल्या रांगेत. मी बोलले, चांगली बोलले. शेवटी प्राध्यापकांनी अगदी साधा प्रश्न विचारला. "हा खड्डा माणसांनी खणलेला नाही, हे कशावरून?"

मी म्हणाले की खणून टाकलेली माती सुटी राहते, इथे खालचा जांभा दगडासारखा घट्ट आहे. पण ते समाधानी दिसेनात. म्हणून मी दुसरं सांगितलं. "गावात खणल्याची काहीच आठवण नाही. उलट नाव बघा, चांदणखळी. आणि त्याबद्दल माझ्यापेक्षा आमच्या सरांना जास्त माहीत आहे." असं म्हणून मी सरांकडे हात केला.

सर उठले. त्यांना नुसतं बसून राहता आलं असतं. घसा दुखतोय असं सांगता आलं असतं. ते उठले, शर्ट खाली ओढला, आणि हॉलकडे तोंड करून म्हणाले, "नाव पूर्वापार आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्राध्यापकांनीही मान हलवली आणि म्हणाले की बांध आणखी एके ठिकाणी कापून नमुने घ्या, मग पुढचं बघू.

दुसरीकडे कापायचं तर गावाची परवानगी हवी. गावकारांना, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्यांना, फोन केला तर ते म्हणाले, शिमग्याला पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसते तेव्हा या, चाकरमानी पण आलेले असतील, सगळ्यांच्या समोर विचारा. मी नारळ घेऊन गेले. सर येणार होते, पण आदल्या दिवशी गुडघा दुखतोय म्हणाले. ढोल वाजत होते, मुंबईहून आलेली पोरं पालखी नाचवून घामाघूम झाली होती. पालखी सहाणेवर बसली आणि देवापुढचं गाऱ्हाणं सुरू झालं. गावकार दोन्ही हात जोडून गावातल्या एकेका जागेचं, एकेका देवाचं नाव घेत होते आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मीही म्हणत होते.

"बा देवा म्हाराजा, जसं आमच्या वाडवडलांनी सड्यावर रेडेतळी खणली नि तू तिला पानी लावलंस, तसंच यंदाच्या सालाला आमच्या गुरावासरांला, लेकराबाळांला पान्याचा कमी पडू देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मी म्हणायची थांबले.

गाऱ्हाणं झाल्यावर गावकारांना गाठलं. विचारलं, "रेडेतळी म्हणजे कुठली?"

"ती काय, तुमी फोटो काढता ती. म्हशी-रेडं बसायचं तिथं. तळी खणलीन ती माझ्या पणज्याच्या टायमाला, सगळ्या गावानं मिळून."

"आणि चांदणखळी?"

ते हसले. चेष्टेने नाही, कौतुकानेच हसले. "ती तुमची. सरांनी नाव ठेवलान. बरं हाय की नाव, शिकलेल्या मान्साचं."

नारळ देवापुढे ठेवला. परवानगीचं काही बोलले नाही. सड्यावर गेले आणि कापलेल्या बांधासमोर उभी राहिले. आता मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. ट्रंकेतल्या साड्या एकेक काढून पलंगावर रचल्या की सगळ्यात वरची साडी पलंगावर सगळ्यात खाली जाते. तळी खणताना तेच होतं. पहिल्यांदा जांभा फुटला, तो बाहेर पडला. मग माती, ती त्याच्यावर. मग काळवत्री लागली, तिचे धोंडे सगळ्यांच्या वर. आणि जांभ्याची तर खोडच आहे, उघड्यावर पडला की तो आणखी घट्ट होतो. इतक्या वर्षांच्या पावसाने तांबडं पाणी झिरपून ती ढेकळं पुन्हा एकजीव झाली होती. उल्का पडली तरी थर उलटणार, आणि गावाने रेड्यांसाठी तळी खणली तरी थर उलटणार. मी थर बरोबर वाचले होते आणि तरी सपशेल चुकले होते. चिरडलेला दगड आहे का, काच आहे का, हे मी आधी शोधायला हवं होतं. पण त्याच्याही आधी, हे कुणी खणलं का, एवढा साधा प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो विचारायची वाट त्या नावाने बुजवून टाकली होती. चांदणी पडली म्हटल्यावर कुदळ कुणाच्या मनात येणार?

सड्यावर बसून मी रडले. ज्वालामुखी गेला, उल्का गेली, त्याचं काही नाही. मला "पूर्वापार" हा शब्द ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन केला आणि सांगितलं की ती खणलेली तळी आहे, गावाला ठाऊक आहे, मी नीट चौकशी केली नव्हती. सरांचं नाव घेतलं नाही. प्राध्यापक सज्जन होते. माझ्या प्रामाणिकपणाचं त्यांनी कौतुक केलं, अशा चुका मोठमोठ्यांच्या होतात म्हणाले, आणि संशोधनाचं पुढे कधीतरी बघू म्हणाले. पुढे कधीतरी म्हणजे काय ते मला कळतं. ज्या मंडळाची सभा होती त्यांच्या पुढच्या बैठकीला मी स्वतः उभी राहून सगळं सांगितलं. तिथेही सरांचं नाव घेतलं नाही. सर त्या बैठकीला आले नव्हते.

का घेतलं नाही, असं नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, म्हातारा माणूस आहे, गंमत केली, अंगाशी आली. मी स्वतःलाही तेच समजावत होते. सर एक दिवस फोन करतील, "चुकलं माझं" म्हणतील, आणि मग मी त्यांना खूप बोलेन आणि मग सोडून देईन, असं मनात ठरवूनही टाकलं होतं. फोन आला नाही.

आली ती बातमी. स्टाफरूममध्ये मराठीच्या बाई डबा उघडता उघडता म्हणाल्या, "अहो, तुमचे सर भेटले होते बाजारात. फार हळहळत होते. म्हणाले, मी तिला किती वेळा सांगितलं, आधी गावात जाऊन विचार, घाई करू नको. ऐकते कुठे."

मी माझ्या डब्याला झाकण लावून तो पिशवीत टाकला.

त्या रविवारी मी गेले. नेहमीच्याच वेळी. सर ओटीवर पेपर वाचत होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि ते खोटं नव्हतं, याचाच मला जास्त राग आला. "ये, ये. किती दिवसांनी. म्हटलं आता नवीन विषय काढू या. गरम पाण्याचे झरे घेऊ या का?"

मी बसले नाही. विचारलं, "सर, चांदणखळी हे नाव कुणी ठेवलं?"

त्यांनी पेपरची घडी केली. "मी. गंमत म्हणून. तू हुशार, म्हटलं महिनाभरात पकडशील. मग तू ज्वालामुखी म्हणालीस आणि वाद सुरू झाला. इतका चांगला वाद. मग सांगायचं कसं? सांगितलं असतं तर संपलंच असतं सगळं. इथे येतं कोण माझ्याकडे?"

हे ऐकून माझा राग थोडा ढिला झाला, हे मी लपवणार नाही. म्हणून मी लगेच पुढचं विचारलं. "आणि सभेत?"

"सभेत, एवढ्या लोकांसमोर, तुला तोंडघशी पाडू?"

"म्हणजे माझ्यासाठी खोटं बोललात."

"तसंच काहीसं."

"आणि बाजारात सांगत फिरताय की तुम्ही मला आधीच सांगितलं होतं, तेही माझ्यासाठीच?"

ते बाहेर फणसाकडे बघत बसले. एरवी प्रत्येक गोष्टीला तीन बाजू असतात म्हणणारा माणूस. मला वाटलं होतं ते निदान लाजतील. ते रुसले होते, मी असं विचारलं म्हणून रुसले होते.

काकू आतून आल्या. हात पिठाचे. "अगो, एवढं काय झालं? त्या रेडेतळीवरून अजून चाललंय होय तुमचं?"

मी त्यांच्याकडे वळले. "काकू, तुम्हाला हे नाव ठाऊक आहे?"

"ठाऊक म्हणजे? माझं आजोळ ते. गणपतीच्या सुट्टीत सावर्ड्याहून यायचो आम्ही. म्हशींबरोबर डुंबायचो तिच्यात, आजी काठी घेऊन मागे यायची."

"मग तुम्ही मला कधी बोलला नाहीत?"

त्यांना माझा प्रश्नच कळेना. सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, तुला माहीत आहे. हे चांदणी म्हणतात, तू ज्वालामुखी म्हणतेस, मला वाटलं तुमच्या दोघांचा खेळ आहे तो." मग हळूच म्हणाल्या, "तुला खरंच माहीत नव्हतं?"

इतकी वर्षं या घरात बसून मी हातवारे करत होते, आवाज चढवत होते, लोणारला काठावर उभी राहून शिकत होते, आणि घरातल्या दोघांनाही माहीत होतं. एकाला खोटं म्हणून, एकीला गंमत म्हणून. मी चपला घालायला लागले.

पायरी उतरताना मागून सर म्हणाले, "एक मात्र सांगतो. थर तू अगदी बरोबर वाचलेस. पुण्याच्या माणसालाही ते जमलं नसतं."

मी मागे वळून बघितलं नाही, आणि त्यानंतर त्या घरी गेलेही नाही. त्यांनी बाजारात जे सांगितलं ते लोक आता खरं धरून चालतात, आणि मी ते खोडत बसत नाही. पण ते वाक्य ऐकल्यावर, तिथे पायरीवर, एवढं सगळं झाल्यावर, मला क्षणभर खूप बरं वाटलं होतं. सरांना मी कधीतरी माफ करेनही. त्या बरं वाटण्याला मला अजून माफ करता आलेलं नाही.